विमानाचें अंतर व विमानाचा वेळ

“मुंबईहून लंडन किती दूर?” असा प्रश्न आम्हीं परवां एका वर्गांत विचारला, तेव्हां उत्तर आलें, “जातांना पांच तास, येतांना साडेचौदा तास!” मुलानें वेळापत्रक पाहूनच उत्तर दिलें होतें. दुपारीं एकाला सुटून सायंकाळीं सहाला पोहोंचणारें विमान पांचच तास उडतें, असें त्यास वाटणें स्वाभाविक होतें. वर्ग हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मातोश्रींनींही हाच हिशेब केला होता. मुलगा शिक्षणासाठीं प्रथमच विलायतेस निघालेला. सहा वाजून गेले, सात झाले, आठ झाले, तरी पोहोंचल्याची वार्ता नाहीं. त्या माउलीनें रात्रीं साडेअकरापर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाहीं. ‘सहा’ ही लंडनच्या घड्याळाची वेळ. हिंवाळ्यांत तें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें चालतें, हें तिला कोणींच सांगितलें नव्हतें. दोष तिचा नव्हे, भूगोल शिकविणाऱ्या आम्हां मंडळींचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वस्तुतः विमान जातांना सुमारें दहा तास उडतें व येतांना सुमारें नऊ. वाट तीच, मग हा फरक कां? उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाणाऱ्यास अडवितात आणि येणाऱ्यास पुढें ढकलतात.

आतां अंतराविषयीं. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेविली, तर मुंबई-लंडन रेषेचा मध्य सिरिया व तुर्कस्तान यांच्या सीमेजवळ येतो. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा! त्याचा मध्य कितीतरी उत्तरेस, जॉर्जिया देशांतील तिब्लिसी शहराजवळ पडतो. ही दोऱ्याची वाटच खरी जवळची असून ती सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. मुलांना प्रथम हें खोटेंच वाटतें. स्वतः दोरा धरल्यावांचून तें पटत नाहीं, आणि पटूंही नये.

“जग आतां जवळ आलें,” असें आपण सहज म्हणतों. ता. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघालें, तें कैरो व जिनिव्हा येथें उतरत गेलें. आज मध्यें कोठेंही न उतरतां जातां येतें, हें खरें. परंतु तो दोरा ज्या देशांवरून जातो, त्यांची नांवें मुलांकडून वाचवून घ्यावीं. त्यांत पाकिस्तान आहे. त्यानें एप्रिल २०२५ मध्यें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें. युक्रेनही आहे, तेथें फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्ध पेटतांच आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. दोरा सरळ राहिला, विमानांस वळसा पडला. वळसा म्हणजे अधिक इंधन, अधिक वेळ, आणि घरीं वाट पाहणाऱ्यांस अधिक घोर. तेव्हां जग किती जवळ आलें, हें यंत्रांवर जेवढें अवलंबून असतें तेवढेंच शेजाऱ्यांच्या सलोख्यावरही असतें, ही गोष्ट भूगोलाच्या तासालाच सांगितली पाहिजे. ती इतिहासाच्या तासासाठीं राखून ठेवूं नये.

आमच्या शाळेचा पृथ्वीगोल कांचेच्या कपाटांत आहे व कपाटाला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे, याचा शोध चालूं आहे. ती सांपडतांच गोल प्रत्येक वर्गाच्या मेजावर पाळीपाळीनें यावा, अशी आमची मागणी आहे. दोरा आम्हीं आणून ठेविला आहे.