खडकांवरून चालणारी जुनी मोटर

आमच्या एका वाचक-गृहस्थांनीं मागील महिन्यांत आम्हांस लिहिलें कीं, त्यांचे चिरंजीव शिक्षण संपवून कॅलिफोर्नियांत चांगल्या नोकरीवर आहेत. परंतु तेथें त्यांनीं 1985 सालची एक जुनी टोयोटा पिकअप गाडी विकत घेतली असून, ती खडकांवरून चालवितां यावी म्हणून सुटीचा सर्व वेळ तिच्याखालीं उताणें निजून घालवितात. तरी ह्या खुळावर आम्हीं चार कठोर शब्द लिहावेत. कठोर शब्द लिहिण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा अशी आमची शाळेपासूनची संवय आहे. म्हणून आज विषयच वाचकांपुढें ठेवतों.

ह्या गाडीस तिकडे 'रॉक क्रॉलर', म्हणजे खडकांवरून सरपटणारी, असें म्हणतात. नांव अन्वर्थक आहे. येथें वेग हा गुण नव्हे, दोष आहे. सिएरा नेवाडा पर्वतांतून टाहो सरोवराकडे जाणारी 'रुबिकॉन ट्रेल' नांवाची सुमारें 22 मैलांची वाट ह्या लोकांचें पंढरपूरच म्हणावें. तिला वाट म्हणणें हा केवळ लक्षणेचा प्रयोग. माणसाच्या कमरेइतके धोंडे जेथें एकमेकांवर पडले आहेत, तेथून मोटर न्यावयाची असते. ह्या वाटेवर 1953 सालीं जीप गाड्यांचा पहिला मेळा निघाला. यूटा संस्थानांतील मोआब गांवीं, तांबड्या वालुकाश्मांच्या प्रदेशांत, 1967 पासून ईस्टरच्या सुमारास असाच मेळा भरतो. तेव्हां हें खूळ असलें तरी आजकालचें नाहीं.

चिरंजीवांनीं 1985 चेंच साल कां निवडलें? टोयोटा कंपनीनें चारही चाकांस गति देणारी पिकअप अमेरिकेंत 1979 सालीं आणली. 1985 पर्यंत तिच्या पुढील दोन चाकांमधून एकच अखंड, जड आस जात असे. 1986 पासून पुढचीं चाकें स्वतंत्रपणें हलणारीं झालीं. रस्त्यावर बसणाऱ्यास त्यांत अधिक सुख. परंतु खडकावर जुनी आसच बरी. तिचें एक चाक वर उचललें गेलें कीं दुसरें आपोआप खालीं दाबलें जातें, आणि कमानपाट्यांवर बसविलेली ती रचना इतकी साधी कीं बेताच्या हत्यारांनीं घरच्या अंगणांत दुरुस्त होते. इंजिन मात्र होतें तसेंच ठेवावें. कॅलिफोर्नियांत 1976 व पुढील सालच्या पेट्रोल गाड्यांची धुराची तपासणी दर दोन वर्षांनीं होते, आणि इंजिनांत नसती ढवळाढवळ केलेली गाडी तेथें अडकते. शिवाय ह्या कामास मोठ्या इंजिनाची गरजच नसते. गरज असते ती दंतचक्रांची.

येथें थोडें गणित आलें, आणि तें आम्हांस टाळवत नाहीं. इंजिनाची गति चाकापर्यंत पोहोंचेतों तीन ठिकाणीं मंदावते. पांच गिअरांच्या ह्या गाडींत पहिल्या गिअरचें प्रमाण सुमारें 3.95, मधल्या पेटींतील मंद गिअरचें 2.28, आणि पुष्कळशा गाड्यांत आसेवरील चक्रांचें 4.10. तिन्हींचा गुणाकार सुमारें 37. म्हणजे इंजिनाचे 37 फेरे तेव्हां चाकाचा एक. आतां मधल्या पेटींत 4.70 ची व आसेवर 5.29 ची चक्रें बसवा. गुणाकार सुमारें 98 होतो. इंजिन सावकाश फिरत असतां मिनिटास 800 फेरे करतें असें धरलें, आणि चाक 33 इंच व्यासाचें घेतलें, तर पहिल्या हिशेबानें गाडी मिनिटास सुमारें 187 फूट जाते, दुसऱ्या हिशेबानें सुमारें 70. घरांतील आजोबा काठी टेकीत तिच्यापुढें निघून जातील! पण गति ज्या मानानें घटते त्याच मानानें चाकाचा पीळ वाढतो. चालकानें पाय उचलून ठेवावा आणि गाडीनें आपल्या आपण धोंड्यावर चढावें, हें ह्या गुणाकाराचें फळ आहे. ज्यांच्यापाशीं पैसा कमी त्यांनीं ह्या चक्रांवर आधीं खर्च करावा. रंग, दिवे आणि भोंगे ह्यांवर शेवटीं, किंवा मुळींच करूं नये.

दुसरी अडचण डिफरन्शिअलची. वळणावर बाहेरचें चाक अधिक फिरावें म्हणून केलेली ही योजना खडकावर उलटते. जें चाक अधांतरीं असतें तेंच गरगरतें, आणि टेकलेलें स्वस्थ राहतें. ह्यावर गरिबाचा उपाय म्हणून आंतील चक्रें वेल्डिंगनें कायमचीं जोडून टाकतात. खर्च नांवाचा. परंतु अशी गाडी रस्त्यावर वळतांना टायर घासते व ओल्या रस्त्यावर घसरूं पाहते. पुढच्या आसेवर तसें केलें तर सुकाणूच जड होतें. जी गाडी रोज रस्त्यावर न्यावयाची, तिच्यावर हा उपाय करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. हवेचा उपाय मात्र फुकटचा आहे. टायरांतील दाब दर चौरस इंचास 12 ते 15 पौंडांवर आणला कीं रबर धोंड्यास कवळतें. परत रस्त्यावर येण्यापूर्वीं हवा भरण्याचा पंप हवा, हें सांगणें नलगे.

आतां वडिलांच्या खऱ्या चिंतेकडे वळूं. पैसा गेला तर पुन्हां मिळतो. ह्या खेळांत गाडी वेगानें आपटत नाहीं, पण कलंडते; आणि जुन्या पिकअपचें छप्पर हें पत्र्याचें झांकण आहे. म्हणून नळ्यांचा पिंजरा आणि चांगले पट्टे हे मोठ्या टायरांच्या आधीं यावयास पाहिजेत. पिंजऱ्याच्या नळ्या खालच्या चौकटीस जोडल्या कीं नुसत्या पत्र्यास, हें पत्रांत अवश्य विचारावें. सुकाणू पुरें वळवून जोर दिला असतां पुढच्या आसेचा 'बर्फील्ड' सांधा तुटतो. तो जवळ एक जास्त ठेवावा. अडकलेली गाडी ओढतांना पट्टा कधींही मागच्या ओढगाडीच्या गोळ्यांत अडकवूं नये. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो, आणि त्यानें माणसें दगावलीं आहेत. एकट्यानें जावयाचें नाहींच. दोन गाड्या असाव्यात, आणि सांडलेलें तेल टिपून घेण्याचें साहित्यही असावें, कारण त्या डोंगरांतील पाणी पुढें दुसऱ्यांच्या घागरींत जातें.

इतकें पाळणाऱ्या मुलास आम्ही खुळा म्हणावयास तयार नाहीं. महाविद्यालयांत पुस्तकांतून शिकलेलें यंत्रशास्त्र तो हातांनीं पुन्हां शिकत आहे, व त्याबद्दल थोडें शुल्क भरीत आहे.

हें वाचून येथील एखाद्या घरच्या मुलानें सह्याद्रीकडे पाहूं लागण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गाडीच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफार करण्यास आपल्या मोटर वाहन कायद्याचें 52 वें कलम आड येतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें 2019 च्या जानेवारींत तसा निर्णयही दिला आहे.