थुंब्याची जमीन

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात मी वर्गात थुंब्याची गोष्ट सांगतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरम शहराजवळ, अगदी समुद्रकाठी, थुंबा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी संध्याकाळी तेथून भारतातला पहिला अवकाश-अग्निबाण उडाला. (टिपू सुलतानांच्या अग्निबाणांची आठवण वर्गात कोणीतरी करून देतोच. पण ते लढाईचे होते, हा अभ्यासाचा.)

हेच गाव का निवडले? पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जाते. या रेषेच्या वर, सुमारे 100 ते 110 किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहत असतो. फुगा तेवढ्या उंचीवर पोहोचत नाही आणि उपग्रह त्याहून वर फिरतो. म्हणून तेथे अग्निबाणच पाठवावा लागतो. शिवाय पश्चिमेला अरबी समुद्र असल्यामुळे जळून गेलेला अग्निबाण पाण्यात पडतो, कोणाच्या डोक्यावर नाही.

डॉ. विक्रम साराभाई यांना ही जागा पसंत पडली. पण तेथे लोकांची घरे होती आणि सेंट मेरी मॅग्डलीन हे चर्च होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेत हा प्रश्न सर्व लोकांपुढे मांडला आणि लोकांनी होकार दिला, असे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लिहून ठेवले आहे. प्रार्थनेच्या खोलीत कलामसाहेबांची पहिली प्रयोगशाळा झाली. बिशपांच्या खोलीत आराखडे काढले जाऊ लागले.

पहिला अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातले सोडियमची वाफ सोडणारे उपकरण फ्रान्सचे. ऐन वेळी तो उचलणारी क्रेन बिघडली, तेव्हा माणसांनी हातांनी जोर लावून तो जागेवर बसवला. सायकलवरून अग्निबाणाचा भाग नेणाऱ्या माणसाचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल, ते थुंब्याचेच. बैलगाडीचे चित्र मात्र थुंब्याचे नव्हे. ते 1981 सालच्या ॲपल उपग्रहाचे आहे. पुष्कळ मोठी माणसेसुद्धा येथे चुकतात.

या वर्षी गोष्ट सांगून झाल्यावर मी मुलांना विचारले, "उद्या कोणी आपल्या मोहल्ल्यातली मशीद आणि आपली घरे अशा कामासाठी मागितली, तर?" वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आम्ही दिली नसती."

काही मुले हसली. मला मात्र त्याचे उत्तर प्रामाणिक वाटले. थुंब्याची गोष्ट आपण फार गोड करून सांगतो असे माझे मत आहे. बिशप चांगले, शास्त्रज्ञ हुशार, लोकांनी होकार दिला, अग्निबाण उडाला आणि टाळ्या! पण कोळ्याचे घर म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात. तो दारातून समुद्राचा रंग पाहतो आणि होडी पाण्यात घालायची की नाही ते ठरवतो. त्याची होडी, त्याचे जाळे दाराशीच असते. असे घर सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. शास्त्रज्ञांची नावे आपण पाठ करतो, ती करावीतच. आपल्या मराठी मुलखातले डॉ. वसंत गोवारीकर 1967 साली थुंब्याला गेले, घन इंधनावर काम केले आणि पुढे 1979 ते 1985 तेथील केंद्राचे संचालक होते, हेही सांगावे. पण ज्यांनी जागा रिकामी केली, त्यांच्यासाठी धड्यात एकच ओळ का असावी?

आणि ही गोष्ट थुंब्यावर संपलेली नाही. मोठ्या अग्निबाणांसाठी पूर्व किनारा हवा होता, कारण पूर्वेकडे उडणाऱ्या अग्निबाणाला पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो. म्हणून आंध्र प्रदेशातले श्रीहरिकोटा बेट निवडले. तेथे यानादी आदिवासी राहत होते. फेब्रुवारी 2024 मध्ये तामिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे नव्या तळाची पायाभरणी झाली. तोही समुद्रकाठच.

मला अवकाश संशोधन नको, असे कोणी समजू नये. वादळाची सूचना उपग्रहामुळे मिळते, आणि ती सर्वांत आधी कोळ्याच्याच उपयोगाची असते. थुंब्याहून आजही लहान अग्निबाण उडतात. नोव्हेंबर 2022 मध्ये आरएच-200 या अग्निबाणाचे सलग 200वे यशस्वी उड्डाण झाले. ते जुने चर्च आता अवकाश संग्रहालय आहे.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावरचा मुलगा स्वतःहून माझ्याकडे आला. त्याने घरी अब्बांना तोच प्रश्न विचारला होता. मी म्हटले, "मग, काय म्हणाले?"

"म्हणाले, देऊही. पण नवी जागा कुठे देणार, ते आधी दाखवा."