स्किप म्हणजे पास नव्हे!

"माझ्या मशीनवर तर चालत होतं, सर!" व्हायवाच्या दिवशी हे वाक्य कुठल्या लॅबमध्ये ऐकू येत नाही? आपल्याला त्याची इतकी सवय झालीय की कुणाला काही वाटत नाही. मला मात्र वाटतं की आपल्या प्रोजेक्ट करण्याच्या पद्धतीतला सगळ्यात मोठा दोष याच वाक्यात आहे. तो कसा, हे सांगायला मी जरा मोठं उदाहरण घेणार आहे, लिनक्स कर्नलचं.

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि आपले प्रोग्राम यांच्यामधला थर, एवढं आपण सगळेच शिकलोय. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या या कर्नलमध्ये आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये तोच, आणि जगातल्या सर्वात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर्सच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक मशीनवर तोच! साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. लॅपटॉपवर बूट झाला म्हणून तोच कर्नल राऊटरवरही नीट चालेल, याची काय गॅरंटी?

म्हणून तिथे टेस्ट रात्रंदिवस चालू असतात. कर्नलसीआय हा प्रकल्प २०१४ मध्ये एआरएम बोर्डांसाठी सुरू झाला आणि २०१९ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेला. नवा कोड आला की बिल्ड करायचा, निरनिराळ्या लॅबमधल्या बोर्डांवर बूट करायचा, टेस्ट चालवायच्या, हे सगळं आपोआप होतं. गूगलचा सिझबॉट तर उलटसुलट सिस्टिम कॉल करून कर्नल पाडायचाच प्रयत्न करत असतो.

पण खरी गोम पुढे आहे. टेस्टलासुद्धा काहीतरी लागतं. कर्नलच्या सोर्समध्येच के-सेल्फटेस्ट नावाचा टेस्टचा मोठा संच आहे. त्यातल्या बीपीएफच्या टेस्टना क्लँग कम्पायलर लागतो. नेटवर्कच्या बऱ्याच टेस्टना आयपीरूट२ ची पुरेशी नवी आवृत्ती लागते. काहींना कर्नलमधले ठरावीक पर्याय चालू असावे लागतात, आणि ते कोणते याची यादी त्या टेस्टच्या फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' नावाच्या फाईलमध्ये लिहिलेली असते. यांनाच डिपेंडन्सी म्हणायचं.

यातलं काही नसेल तर काय होतं? टेस्ट पास झाली तर ती ० परत करते, फेल झाली तर १, आणि चालवताच आली नाही तर ४. हा ४ म्हणजे स्किप. पूर्वी मात्र यातल्या बऱ्याच टेस्ट डिपेंडन्सी नसली की गुपचूप ० परत करायच्या. म्हणजे पेपरला बसलाच नाही, तरी पास! २०१८ मध्ये या संचाच्या मेंटेनर शुआ खान यांनी अशा टेस्ट एकेक करून बदलल्या आणि त्यांना स्किपचा वेगळा कोड दिला. बदल म्हटला तर एका आकड्याचा. पण माझ्या मते शंभर नव्या टेस्ट लिहिण्यापेक्षा याची किंमत जास्त आहे, कारण खोटा पास हा फेलपेक्षा वाईट. फेल निदान झोप तरी उडवतो!

कोणी म्हणेल, मग डिपेंडन्सी नसली की सरळ फेलच दाखवा ना! तेही बरोबर नाही. एका मशीनवर सगळं हार्डवेअर असणं शक्यच नाही. सगळीकडे लाल दिसायला लागलं तर लालकडे कोणी बघणारच नाही. स्किप हे प्रामाणिक उत्तर आहे, फक्त ते कोणीतरी वाचलं पाहिजे. काल १२ स्किप होते आणि आज ४० झाले, तर एकही फेल नसताना काहीतरी नक्की बिघडलंय. आणि हे कळायला टेस्ट रोजच चालवायला हवी, नाहीतर 'काल' आणणार कुठून?

दुसरा फायदा चूक शोधण्याचा. गिटमध्ये बायसेक्ट नावाची कमांड आहे. ती बायनरी सर्च करते, त्यामुळे दहा हजार बदलांमधला दोषी बदल चौदाएक टेस्टमध्ये सापडू शकतो. अट एकच, बाकीचं वातावरण तेच राहिलं पाहिजे. मध्येच कम्पायलर बदलला तर दोष कोडचा की कम्पायलरचा, कोण सांगणार?

आता आपल्याकडे या. आपली ब्लॅक बुकं जाड असतात, स्क्रीनशॉट रंगीत असतात. पण कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, हे त्यात क्वचितच असतं. मग सीनियर्सचा प्रोजेक्ट पुढे नेण्याऐवजी ज्युनिअर्स दरवर्षी तोच प्रोजेक्ट शून्यापासून करतात. इतक्या मुलांची एका वर्षाची मेहनत कपाटात जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

"कर्नल केवढा, आपला प्रोजेक्ट केवढा!" असं म्हणू नका. लहान आहे म्हणून तर सोपं आहे. माझी सूचना साधी आहे. डिपार्टमेंटने लॅबमधला एक जुना पीसी यासाठी द्यावा. त्यावर रोज रात्री प्रत्येक ग्रुपचा प्रोजेक्ट कोऱ्या इन्स्टॉलेशनवर, फक्त लिहून दिलेल्या डिपेंडन्सी टाकून बिल्ड व्हावा आणि त्याच्या टेस्ट चालाव्यात. सकाळी नोटीस बोर्डावर प्रत्येक ग्रुपपुढे तीन आकडे लागावेत: पास, फेल, स्किप. एक्स्टर्नल्सनीही स्क्रीनशॉट बघण्याआधी हेच तीन आकडे विचारावेत. आणि तिसरा आकडा सगळ्यात आधी!