कबड्डीचा एक सामना कितीला? 908 कोटींचा साधा हिशेब

मारेगाव : गावच्या मैदानावर रंगणारी कबड्डी टीव्हीवर गेली की तिला भाव किती मिळतो?

प्रो कबड्डीचे 2021 ते 2025 या पाच हंगामांचे प्रसारण हक्क स्टारने सुमारे 908 कोटींना घेतले. आकडा मोठा दिसतो. पण कापसाचा भाव जसा क्विंटलवर कळतो, तसा इथं सामन्यावर कळतो. हंगामाला पडले 181 कोटी 60 लाख. हंगामात 137 सामने धरले, तर एका सामन्याचे साधारण 1 कोटी 32 लाख. आयपीएलचे 2023 ते 2027 चे हक्क 48,390 कोटींना गेले, सामने 410. म्हणजे सामन्याला 118 कोटी, कबड्डीच्या जवळपास 90 पट.

फरक फक्त प्रेक्षकांचा नाही, हर्रासाचाही आहे. आयपीएलसाठी जून 2022 मध्ये तीन दिवस बोली चालली. देशातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारला, मोबाइलचे वायकॉम18 ला गेले. कबड्डीत मात्र लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये स्टारचीच मोठी मालकी. विकणारा अन् घेणारा एकाच घरचा असला की खरा भाव कसा कळणार?

त्यात नोव्हेंबर 2024 मध्ये वायकॉम18 अन् स्टार एकत्र येऊन जिओस्टार झाली. यार्डातले व्यापारी कमी झाले की काय होतं, हे कापूस विकणाऱ्याला सांगावं लागत नाही. लीगचा पैसा आटला तर खेळाडूंच्या बोलीलाही झळ बसते. म्हणून पुढच्या कराराची बातमी आली की नुसते कोटी मोजू नका. सामने किती अन् बोली लावणारे किती, हे आधी पाहा.