गच्चीवरचे विमान आणि परवान्याची वाट

मुंबईच्या कांदिवली उपनगरातील एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान घडविले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडले गेले, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. नोंदणी मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळण्यास ऑक्टोबर २०१९ उजाडले. कौतुक आणि परवाना यांमध्ये साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. याचा सारा दोष लाल फितीच्या माथी मारणे सोपे आहे; परंतु प्रश्न तेवढा सोपा नाही.

विमानाच्या आराखड्यातील लहानसा बदलही निरुपद्रवी नसतो. नाकाशी अधिक वजनाचे इंजिन बसविले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. शेपटीकडे वजन वाढविले तर तो मागे जातो आणि विमान सावरणे कठीण होते. शिवाय हौशी कारागिराने पत्करलेला धोका, खाली राहणाऱ्या अनोळखी माणसाच्याही वाट्याला येतो. त्या माणसाच्या वतीने प्रश्न विचारणे हे शासनाचे कर्तव्यच होय.

प्रश्न आहे तो कोणत्या पद्धतीने विचारायचा, हा. अमेरिकेत विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षणासाठी वा छंदासाठी स्वतः बनविला असेल, तर ते 'प्रायोगिक' वर्गात येते. कारखान्यातील विमानाचे निकष त्यास लागू होत नाहीत. मात्र प्रारंभी सामान्यतः २५ किंवा ४० तास नेमून दिलेल्या क्षेत्रातच चाचणी-उड्डाणे करावी लागतात. भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. पुढे मोठा फेरबदल केल्यास पुन्हा चाचणीस सामोरे जावे लागते. ब्रिटनमध्ये हे काम बव्हंशी लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या जाणकारांच्या संघटनेकडे सोपविले आहे. तेथे फेरबदलाचा आराखडा तिच्या अभियंत्यांकडून आधी संमत करून घ्यावा लागतो. एका देशाने उड्डाणाच्या कसोटीवर भर दिला, दुसऱ्याने कागदावरील छाननीवर. परंतु दोन्हीकडे अर्जदाराला पुढली पायरी कोणती, हे आधीच ठाऊक असते.

आपल्याकडेही नेमके हेच साधले पाहिजे. नियम शिथिल करावेत, अशी ही मागणी नव्हे. टप्पे लेखी असावेत, प्रत्येक टप्प्यास मुदत असावी, नकार दिल्यास त्याची तांत्रिक कारणे द्यावीत आणि प्राथमिक तपासणी अनुभवी अभियंत्यांच्या मान्यताप्राप्त मंडळाकडे सोपवावी. अनिश्चितता हा एक प्रकारचा करच असतो. कोणत्याही अंदाजपत्रकात त्याची नोंद होत नाही. मोठा उद्योग तो सोसू शकतो, परंतु घर गहाण ठेवून प्रयोग करणारा कारागीर मोडून पडतो.

सदोष विमानाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार शासनाला अवश्य असावा. पण ते 'नाही' वेळेवर आणि कारणासहित यावे. त्यातून निदान पुढचे विमान तरी अधिक चांगले घडेल.