धानाच्या चुकाऱ्यावर उभी असलेली बँक

रायपूरची सहकारी मध्यवर्ती बँक १९१३ साली सुरू झाली. सहकारी पतसंस्थांचा १९०४चा कायदा गावच्या सोसायटीपुरताच होता. अनेक सोसायट्यांनी मिळून आपली वरची बँक काढावी, ही सोय १९१२च्या कायद्याने केली. त्यानंतर वर्षभरात छत्तीसगढमध्ये, म्हणजे नागपूरहून कारभार चालणाऱ्या प्रांताच्या पार पूर्वेकडच्या टोकाला, अशी बँक उभी राहिली ती वामन बळीराम लाखे यांच्यामुळे. रायपूरच्या मराठी घरातले हे वकील. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून काढलेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकामागेही त्यांचं पाठबळ होतं. सरकारने दिलेली रावसाहेब ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. बँकेचं काम त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ बिनपगारी चिटणीस म्हणून सांभाळलं. १९३० मध्ये त्यांच्याच खटपटीने बँकेला स्वतःची इमारत मिळाली आणि त्याच वर्षी सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. पुढे १९४५ मध्ये बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी काढण्यातही ते होते.

बँकेच्या त्या इमारतीचं मोल समजून घ्यायचं तर तेव्हाच्या कर्जबाजाराकडे पाहावं लागेल. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. सावकारांचा सत्तरच्या घरात. म्हणजे बँक निघून चार दशकं झाल्यावरही देशातलं चित्र हे होतं. अशा काळात सोसायट्यांच्या भागभांडवलावर चालणाऱ्या बँकेने शहरात स्वतःचं छप्पर उभारणं ही सावकाराच्या वाड्यासमोर केलेली जाहीर घोषणा होती. इथे ठेवलेला पैसा आपला आहे आणि इथला हिशेब आपण मागू शकतो, हे सभासदाला दिसावं लागत होतं.

आज रायपुरात लाखेनगर आहे, लाख्यांच्या नावाची शाळा आहे, बँकही आहे. तिची उलाढाल लाख्यांच्या पिढीला कल्पनेतही मावली नसती. तरीही काळजी वाटते, आणि ती का वाटते ते शहरातल्या मुख्यालयापेक्षा सिलतऱ्याच्या रस्त्यावर अधिक स्पष्ट दिसतं.

सिलतरा रायपूरहून बिलासपूरकडे जाताना लागतं. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, वीजनिर्मितीचे संच, कोळशाचे आणि लोहखनिजाचे ट्रक. धरसींवा विकासखंडातली गावं या कारखान्यांच्या अधेमधे अजून टिकून आहेत आणि त्यांच्या बांधांवर अजून धान आहे, पानांवर काळी धूळ घेऊन उभं असलेलं. नोव्हेंबरपासून इथला शेतकरी टोकन घेऊन सोसायटीच्या खरेदी केंद्रावर जातो. चाळीस किलोच्या बारदानात धान भरलं जातं, काट्यावर चढतं, नोंद होते, आणि चुकारा मध्यवर्ती बँकेच्या खात्यात येतो. एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी आणि क्विंटलला ३,१०० रुपये, हा २०२३पासूनचा छत्तीसगढचा हिशेब. देशात धानाला एवढा भाव क्वचितच कुठे मिळतो. शेतकऱ्याच्या हातात त्यामुळे खरोखर पैसा आला, हे आधी मान्य करायला हवं. पुढचं सगळं त्यानंतर.

चुकारा खात्यात येण्याआधी एक गोष्ट घडते. शेतकऱ्याने सोसायटीकडून घेतलेलं पीककर्ज त्यातून परस्पर वळतं होतं. इथले लोक याला लिंकिंग म्हणतात. लिंकिंगमुळे बँकेची वसुली चांगली दिसते. पण ही वसुली बँकेने केलेली नसते. कर्जदाराची पारख, पीक पाहून दिलेलं कर्ज, अडचणीत आलेल्या सभासदाला दिलेली मुदत, थकबाकीदाराच्या दारात जाऊन बसणारा चिटणीस, यातलं काहीही न करता ती होते. सरकारने धान घेतलं म्हणून ती झाली. सरकार पुढच्या वर्षी कमी घेईल, उशिरा घेईल किंवा पैसे दुसऱ्याच वाटेने पाठवील, तर वसुली कशी करायची हे बँकेला नव्याने शिकावं लागेल.

याच नजरेने बाकीचा ताळेबंद पाहावा. ठेवी मोठ्या दिसतात, कारण हंगामात चुकारे इथेच जमा होतात. लग्नसराई संपेपर्यंत त्यातला बराचसा पैसा निघून जातो. पीककर्ज बिनव्याजी आहे, म्हणजे व्याज शेतकरी देत नाही, सरकार देतं आणि त्याच्या सवडीने देतं. २०१८च्या डिसेंबरात नव्या सरकारने सुमारे ६,१०० कोटींची कर्जमाफी जाहीर केली, तीही प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या कर्जांची. तेव्हा कर्ज फेडणारा शेवटी सरकारच ठरला. आणि बँकेच्या खुर्चीवर बराच काळ सभासदांनी निवडलेलं मंडळ नाही, शासनाने नेमलेला प्राधिकृत अधिकारी आहे. ठेव सरकारी खरेदीतून, वसुली सरकारी खरेदीतून, व्याज सरकारी अनुदानातून, निर्णय सरकारी नेमणुकीतून. चारही खांब एकाच जमिनीत रोवलेले. ती जमीन हलली तर एकही खांब दुसऱ्याला सावरणार नाही.

ती हलू शकते का? राज्याची खरेदी वाढत जाऊन २०२४-२५ मध्ये १४९ लाख टनांवर गेली. एवढ्या धानाचा तांदूळ केंद्रीय साठ्यात किती घेतला जाईल हे दिल्ली ठरवते आणि त्यावरून राज्य-केंद्र वाद याआधी झालेले आहेत. २०२५ मध्ये शिल्लक धान लिलावात काढावं लागलं. आधारभूत किमतीवरच्या वाढीव भावाचा फरक राज्याच्या तिजोरीतून जातो. कोणत्याही पक्षाचं सरकार असो, हा भार कायमचा उचलता येईलच असं कोणताही अर्थमंत्री लिहून देणार नाही.

विदर्भातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. महाराष्ट्रात १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारच्या केंद्रावर, चुकारा सहकारी बँकेतून, कर्ज चुकाऱ्यातून परस्पर कापून. जिल्हा बँकांची वसुली त्या काळात अशीच आपोआप व्हायची. कर्ज कापलं जाऊ नये म्हणून दुसऱ्याच्या नावावर कापूस घालणारे होते, राज्याच्या सीमेपलीकडे गाडी नेणारेही होते, पण घडी एकूण बसलेली होती. मग योजना तोट्यात रुतली, २००२च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि कापसाबरोबर वसुलीही बँकेच्या हातून गेली. जिल्हा बँका बुडीत निघण्याचं हे एकमेव कारण नव्हतं, पण हे कारण फार कमी बोललं जातं. बँक बुडाली की आपण चोर शोधतो. चोर असतातही. पण चोरी पचवण्याची ताकद बँकेत का उरली नव्हती, हा प्रश्न मागे पडतो.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण या दोन्ही अंगांनी पाहण्यासारखं आहे. बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी २००१-०२ मध्ये होम ट्रेडसह पाच खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले. होम ट्रेडच्या जाहिरातीत तेव्हा देशातले सर्वांत लाडके क्रिकेटपटू आणि सिनेतारे झळकत होते. रोखे आले नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. रक्कम सव्वाशे कोटींच्या पुढे. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही होम ट्रेडच्या व्यवहारात अडकल्या. नागपुरात २००२ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचा निकाल आला तो २२ डिसेंबर २०२३ रोजी. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने पुढे त्यांना जामीन दिला. ज्या शेतकऱ्याचा पैसा २००२ मध्ये अडकला, त्याच्या मुलाची शेती करायची उमर या दरम्यान निघून गेली.

मला या प्रकरणात एक बारकावा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हंगामात एकदम आलेला पैसा बँकेला काही महिने कुठे तरी ठेवावा लागतो. कर्ज द्यायला पुरेसे चांगले कर्जदार तयार केलेले नसले, की तो गुंतवणुकीकडे वळतो, आणि गुंतवणुकीचा निर्णय दोन-चार माणसं बंद दाराआड घेतात. रायपूरच्या बँकेत असं घडतं आहे असं मी म्हणत नाही. पण चुकाऱ्याचा मोठा, थोड्या दिवसांचा, कुणी हिशेब न मागणारा पैसा तिथेही दरवर्षी येतो.

नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही बँकांना रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, २०१२ मध्ये नव्या ठेवी घ्यायला बंदी घातली. लोकांना आपलेच पैसे काढता येईनात. केंद्राने २०१४च्या नोव्हेंबरात देशातल्या अशा २३ बँकांसाठी २,३७५ कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रातल्या या तीन होत्या. परवाने मिळाले. गेलेला शेतकरी मात्र परत आलाच असं झालं नाही. त्याने या काळात दुसरी बँक धरली, नाही तर पुन्हा सावकार धरला.

शासनाने नेमलेला प्रशासक वाईटच असतो, असं माझं म्हणणं नाही. विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी १९११ मध्ये काढलेली मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक, म्हणजे आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. तिचं मुंबईतल्या फोर्टमधलं मुख्यालय आजही ठाकरसींचं नाव सांगतं. त्याच बँकेचं संचालक मंडळ २०११च्या मे महिन्यात बरखास्त करावं लागलं आणि प्रशासकांच्या हाताखाली बँक तोट्यातून नफ्यात आली. हे कबूल केलंच पाहिजे. पण नफ्यात आलेली बँक दशकभरानंतरही सभासदांच्या हाती परत जात नसेल, तर तिला सहकारी म्हणण्यापुरतं काय उरलं, हेही विचारलं पाहिजे. लायक अधिकारी ताळेबंद दुरुस्त करू शकतो. सभासदाने हिशेब मागण्याची सवय तो निर्माण करू शकत नाही, आणि ती सवय नसली की पुढचा अधिकारी लायक नसेल तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. अंबिकापूरच्या जिल्हा सहकारी बँकेत कुसमी आणि शंकरगड शाखांमधला २० कोटींहून अधिक रकमेचा अपहार २०२५ मध्ये बाहेर आला, तेव्हा तो वर्षानुवर्षं चाललेला होता. त्याआधी २००६ मध्ये रायपूरची इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक बुडाली होती, म्हणजे हा धडा शहराला नवा नाही.

सिलतऱ्यात प्रश्न आणखी खोल जातो, कारण तिथे सभासद कोण हाच घोळ आहे. कारखान्यांच्या पट्ट्यात जमिनीचा मालक बहुतेकदा कारखान्यात, वाहतुकीत किंवा रायपुरात पोटापाण्याला लागलेला असतो. जमीन कसतो तो अधिया किंवा रेगहा करणारा, म्हणजे वाट्याने किंवा खंडाने कसणारा. सोसायटीत नोंद मालकाची, पीककर्ज मालकाच्या नावावर, धान विकलं जातं मालकाच्या पंजीयनावर आणि चुकाराही मालकाच्या खात्यात. खत-बियाण्याला उसनवारी करणारा, पावसाकडे डोळे लावणारा माणूस बँकेच्या लेखी अस्तित्वातच नाही. त्याला पैसा लागतो तेव्हा तो सावकाराकडेच जातो, १९१३च्या आधी जात होता तसा. आणि ज्याचं खातं आहे त्याचा पगार दुसऱ्या बँकेत येतो, घराचं कर्ज तिसरीकडे असतं. सहकारी बँक त्याला वर्षातून एकदा लागते.

म्हणून खरेदी केंद्रावर मायक्रो एटीएम आलं, ॲपवर टोकन मिळू लागलं, याचं स्वागत करूनही म्हणावं लागतं की हे खिडकी रुंद करणं झालं, सभासदाचा आवाज त्याने वाढत नाही. २०१६च्या नोटाबंदीत १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली, ऐन धान खरेदीच्या तोंडावर. एका आदेशाने हंगाम अडखळला, आणि त्याविरुद्ध बोलायला सभासदांचं म्हणून कुणी नव्हतं. सरकारं आपसात बोलत राहिली.

करण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या अवघड नाहीत. निवडणूक घ्या. कर्जवसुलीचे आकडे लिंकिंगमधून आलेले आणि बँकेने स्वतः केलेले असे वेगळे छापा. हंगामातला पैसा कुठे, किती दिवसांसाठी, कुणाच्या सहीने गुंतवला याची यादी प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर लावा. ठेवविमा प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे. एकरी २१ क्विंटल आणि ३,१०० रुपये या हिशेबाने आठ एकरांचा चुकारा ५ लाख २० हजार होतो. आधारभूत किंमत आधी, फरक नंतर, पण दोन्ही याच खात्यात साठून राहिले तर एका हंगामातच ती मर्यादा ओलांडली जाते. सोसायटीकडेच ठेवलेल्या पैशाला तर विमा मुळीच नाही. हे शेतकऱ्याला टोकनाबरोबर लेखी मिळालं पाहिजे. आणि हे सगळं मागायला आमसभा भरली पाहिजे, त्या आमसभेत सिलतऱ्याच्या बांधावर रेगहा करणाऱ्या माणसाला बसायला जागा हवी, म्हणजे आधी त्याचं नाव सभासदांच्या नोंदवहीत चढायला हवं.