मामूंचा हिशेब आणि तुमचा मेहनताना

नोकरी सोडून हिशेब लिहिण्याचे काम स्वतः सुरू करणाऱ्याला पहिली गिऱ्हाइके बहुधा नात्यातलीच मिळतात. मामूंचे किराणा दुकान, खालांच्या जावयाचे गॅरेज. नोकरीत पगार ठरल्या दिवशी यायचा. इथे 'घरचेच काम आहे, देऊ की' यावर महिने निघतात. जीएसटीची मासिक विवरणे 11 आणि 20 तारखेला भरायची असतात, आणि मामूंची बिले येतात 19च्या रात्री! मग उशिराचा दंड बसला की दोष लिहिणाऱ्याचा.

सूरह बकराची 282वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत. विषय उधारीच्या व्यवहाराची लिखापढी. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहायला सांगितले आहे. लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये, हेही त्यातच आहे. दर्समध्ये आपण हे ऐकतो आणि मामूंसमोर लाजतो.

मेहनताना किती, बिले कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, उशीर झाल्यास दंड कोणी भरायचा, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मामू थोडे रुसतील. रुसू द्यावे. खोटे बिल चढवायला कोणी सांगितले, तर मात्र कागदपत्रे त्याच दिवशी परत करावीत, मग तो मामू का असेना.